गुरुवारची आजारी रजा आणि सेटवरची हजेरी

प्रश्न : मी एका खासगी कंपनीत सहा वर्षं अकाउंट्स विभागात नोंदी आणि बिलांचं काम करते. दोन वर्षांपासून सुटीच्या दिवशी मालिकांमध्ये ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून जाते. एकदाच, एका गुरुवारी, आजारी असल्याचं कळवून शूटिंगला गेले. तो कोर्टाचा सीन टीव्हीवर लागला आणि सहकाऱ्याने मला ओळखलं. आता 'दुहेरी नोकरी आणि खोटी रजा' अशी कारणे दाखवा नोटीस आली आहे. उत्तराला सात दिवस आहेत. नेमणूकपत्रात 'अन्य नोकरी अथवा व्यवसाय करणार नाही' अशी अट आहे. एचआर म्हणतात, राजीनामा द्या, विषय संपेल. मला सेटवर काम मिळवून देणारा को-ऑर्डिनेटर म्हणतो, शूटिंग रविवारचं होतं असं लिहा. त्याने त्या दिवसाचे पैसेही दिलेले नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, सुटीच्या दिवशी गर्दीच्या सीनमध्ये उभं राहणं हा गुन्हा नाही. हा तुमच्या आणि कंपनीच्या मधला सेवाशर्तींचा वाद आहे. फक्त एक गोष्ट आजच तपासा. त्या गुरुवारसाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं होतं का? जोडलं असेल, तर उत्तराचं एक अक्षरही लिहिण्याआधी वकिलाला प्रत्यक्ष भेटा, कारण खोट्या कागदाचा प्रश्न फौजदारी कायद्यापर्यंत जाऊ शकतो. नुसता फोन किंवा मेसेज केला असेल, तर पुढचं वाचा.

'रविवार' लिहू नका. सेटवर कोण कुठल्या शिफ्टला होतं, याची यादी प्रॉडक्शनकडे आणि को-ऑर्डिनेटरकडे असते. चौकशीत ती समोर आली, की एका दिवसाच्या चुकीवर लेखी खोटेपणाची भर पडते आणि मग सहा वर्षांची स्वच्छ नोकरीही तुमच्या बाजूने बोलत नाही. अशी प्रकरणं मूळ चुकीपेक्षा ती झाकायला लिहिलेल्या उत्तरामुळे जास्त बिघडतात, हे मी कळकळीने सांगते.

नोटिशीतले दोन आरोप वेगळे आहेत, त्यांना उत्तरंही वेगळी द्या.

पहिला दुहेरी नोकरीचा. करार कायदा 1872 चं कलम 27 व्यवसायावर बंधन घालणारे करार रद्दबातल ठरवतं, म्हणून अशी अट चालतच नाही, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. ते पूर्ण खरं नाही. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट सर्वसाधारणपणे वैध मानली जाते. निरंजन शंकर गोळीकरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच तसा निर्णय दिला आहे. तेव्हा अटीवर हल्ला करू नका, परिणामावर बोला. सुटीचा दिवस, कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नाही, कंपनीची कुठलीही माहिती वापरली नाही, कामात कसूर नाही. 1946 च्या स्थायी आदेश (म्हणजे कामाच्या ठिकाणचे सेवानियम) कायद्याखालच्या एका आदर्श मसुद्यातही, मालकाच्या हिताला बाधा येईल असं जोडकाम करू नये, अशीच भाषा होती. तुमच्या नेमणूकपत्रातला 'व्यवसाय' हा शब्द मात्र व्यापक आहे. त्यामुळे या मुद्द्यावर निर्दोष सुटालच, असं मी म्हणणार नाही. शिक्षा सौम्य व्हायला तो नक्की उपयोगी पडेल.

दुसरा आरोप रजेचा. तिथे बचाव नाही, कबुली आहे. साधं लिहा : 'त्या दिवशी मी रजेचं चुकीचं कारण दिलं. असं एकदाच घडलं. मला खेद आहे. ती रजा बिनपगारी धरावी.' पुढे, परवानगी मिळेपर्यंत असं काम घेणार नाही हे लिहा आणि सुटीच्या दिवसांपुरती परवानगी मागणारा अर्ज वेगळा द्या. तोवर सेटवर जाऊ नका, कितीही ओळखीचा फोन आला तरी.

राजीनामा देऊ नका. सहीनंतर तो दबावाखाली घेतला हे सिद्ध करणं फार कठीण जातं. तुमचं काम कारकुनी स्वरूपाचं दिसतं, म्हणजे तुम्ही कायद्याच्या अर्थाने 'कामगार' ठरण्याची शक्यता चांगली आहे. इथे हुद्दा नव्हे, प्रत्यक्ष काम पाहतात. कामगाराला गैरवर्तनासाठी काढायचं तर चौकशी आणि बाजू मांडायची संधी द्यावी लागते. चौकशी चालू असताना निलंबित केलं, तर पहिले 90 दिवस निम्म्या वेतनाइतका निर्वाहभत्ता सर्वसाधारणपणे द्यावा लागतो. चूक लहान आणि शिक्षा बडतर्फीची, असं झालं तर ती कमी करण्याचा अधिकारही औद्योगिक न्यायाधिकरणाला आहे. एचआरचं तोंडी बोलणं तारखेसह लिहून ठेवा.

आता थकलेल्या पैशांचं. वेतन संहिता 2019 च्या कलम 17 प्रमाणे रोजंदारीचं वेतन शिफ्ट संपताच द्यायला हवं. थकलेल्या वेतनासाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. म्हणूनच कंपनीला दिलेल्या उत्तरात 'ते काही कामच नव्हतं, हौस होती' असं लिहू नका. उद्या वेतन मागताना तुम्हाला ते काम होतं असंच म्हणायचं आहे. जोडकामाचं उत्पन्न इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलं नसेल, तर तेही आताच निस्तरा.

को-ऑर्डिनेटरचे कॉलटाइमचे, म्हणजे सेटवर कधी पोहोचायचं हे सांगणारे, मेसेज डिलीट करू नका. त्या गुरुवारी तुम्ही सेटवर होतात, हे त्यांत आहे म्हणून ते तुम्हाला नकोसे वाटत असतील. पण कंपनीला खरं सांगितलंत, की त्यांची भीती उरत नाही आणि तुमच्या मजुरीचा पुरावा तेच ठरतात. रविवार लिहा असं को-ऑर्डिनेटर का सुचवतोय, याचा त्या दृष्टीनेही विचार करा.