कोणता तास विकतेस?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

गौरी जेवल्या त्या दिवशी पंगतीत वाढता वाढता तू विचारलंस, ‘काका, नोकरी सांभाळून वरचे चार पैसे कसे मिळवायचे?’ मी ‘नंतर बोलू’ म्हणालो, तर रात्रीच तुझी अकरा कल्पनांची यादी व्हॉट्सॲपवर हजर. (‘वरचे पैसे’ तेवढं म्हणू नकोस. आमच्या ऑफिसात तो शब्द वेगळ्याच कमाईला वापरत.)

यादी दोनदा वाचली. किती मिळतील याचे आकडे सगळीकडे आहेत, किती तास जातील याचा एकही नाही. म्हणून आधी तुझ्या नोकरीचंच गणित मांडलं. हातात ३८,०००. महिन्याचे २२ दिवस, रोजचे ९ तास, शिवाय चिंचवड ते हिंजवडी जाऊन-येऊन दोन तास. डांगे चौकात अडकलीस तर जास्तच, पण दोन धरू. २४२ तास झाले. म्हणजे तुझा एक तास १५७ रुपयांना जातो. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव आणि यादीतली प्रत्येक कल्पना त्याच्याशेजारी उभी करून बघ.

दिवाळी फराळाचंच घे. आमच्या वहिनींनी एका दिवाळीत ४० किलो चकली केली. सामान, गॅस, डबे वजा जाता किलोमागे २०० रुपये उरले. आठ हजार मिळाले म्हणून घरात सगळे खूश. मी तास विचारले, तर आधी कुणाला सांगताच येईनात. भाजणी भाजून दळून आणणं, मळणं, सोऱ्या फिरवणं, तळणं, पॅकिंग आणि रात्री स्कूटरवरून घरोघर डबे पोचवणं, सगळं धरून ८० तास भरले. ताशी १०० रुपये. वहिनींना चकली करायला आवडते आणि त्या नोकरी करत नव्हत्या, त्यांना ते परवडलं. तू ऑफिसातून आल्यावर रात्री अकराला कढईसमोर उभी राहणार असशील तर तुला परवडणार नाही.

यादीतल्या दोन गोष्टी मी लाल पेनाने खोडल्या आहेत. एक, ऑप्शन ट्रेडिंग. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी १०० पैकी ९३ जणांना तोटा, आणि माणशी सरासरी सुमारे दोन लाखांचा. तुझा मित्र उरलेल्या सातांत असेलही. दुसरी, ते ‘व्हिडिओला लाइक करा, दिवसाला हजार कमवा’. त्यात पहिले दीडशे रुपये खरंच खात्यात येतात, गळ असतो तो. मग ‘मोठ्या टास्क’साठी तुलाच पैसे भरायला सांगतात. कुणी फसलंच तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा, लाजत बसायचं नाही.

आता माझं सांगतो. तुझ्या बाबांना हे माहीत आहे, पण त्यांनी तुला अर्धंच सांगितलं असणार.

मी पिंपरीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. १९८९ साली घराचा हप्ता सुरू झाला आणि मी सदाशिव पेठेतल्या प्रकाशकांची प्रुफं तपासायला लागलो. पानाला दोन रुपये. गणपती ते दसरा हा हंगाम, कारण दिवाळी अंक सगळे एकदमच छपाईला जायचे. दुसऱ्या पाळीहून रात्री बाराला घरी यायचं, जेवायचं आणि तीनपर्यंत प्रुफं. काकू समोर हस्तलिखित धरून मोठ्याने वाचायची, अगदी ‘स्वल्पविराम’, ‘उद्गारचिन्ह’सकट, आणि मी छापील ओळीखाली पट्टी सरकवत जायचो.

तिसऱ्या वर्षी एका अंकाचं काम होतं. आत १९२ पानं, एकही ऱ्हस्व-दीर्घ सुटला नाही. अंक छापून आला आणि मुखपृष्ठावर दोन इंची अक्षरांत ‘दिपावली’. ‘दी’ दीर्घ हवा, हे चौथीतला मुलगा सांगेल. ते प्रूफ मी पाहिलं होतं, कोपऱ्यात माझी सहीसुद्धा होती. थकलेला डोळा समोर छापलेलं वाचत नाही, छापलेलं असेल असं जे वाटतं ते वाचतो. त्यात अक्षर जितकं मोठं, तितका भरवसा जास्त. मुखपृष्ठ पुन्हा छापलं आणि खर्च माझ्या बिलातून वळता झाला. संपादकांनी आवाजही चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं.

कामात खोट नव्हती, तास चुकीचा होता. बारा ते तीन हे माझे सगळ्यात टाकाऊ तास, आणि मी तेच दोन रुपये पानाने विकत होतो. पुढच्या वर्षीपासून दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात रात्री थेट झोपायचो आणि सकाळी आठ ते दहा बसायचो. पहिल्या पाळीला संध्याकाळी, एक झोप काढून. कामं निम्मी घेतली. दोन वर्षांनी दर तीन रुपये झाला, कारण माझी प्रुफं परत तपासावी लागत नव्हती.

आणि हा दुसरा अर्धा भाग. एकदा पैसे मोजत होतो तेव्हा काकू म्हणाली, ‘माझे किती?’ मी हसलो. ती हसत नव्हती. तीन वर्षं तिचे तास माझ्या हिशेबात कुठेच नव्हते. त्या दिवसापासून निम्मे पैसे तिच्या पोस्टाच्या खात्यात जायला लागले. तूही जे काम घरी घेऊन बसशील, त्यात आईने केलेला चहा, बाबांनी दिलेली गाडी, भावाकडून करून घेतलेली पोस्टर्स, सगळं वहीत मांड.

आता तुझ्या यादीत जे नाही त्याबद्दल. तुझं जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पायरीपर्यंत झालंय. परीक्षा पास झालीस तेव्हा पेढे घेऊन आली होतीस, मग यादीत ते का नाही? ‘नुसतं बी-वन तर आहे’ हेच ना? शिकवायला बसायचं आहे ते ए-वनला, म्हणजे अगदी पहिल्या पायरीला, ज्याला ‘डेर, डी, दास’ या तीन लिंगांच्या शब्दांतला फरक कळत नाही त्याला. पुण्यात जर्मन शिकणारे काही आजचे नाहीत, मॅक्सम्युलर भवन कित्येक वर्षं आहे. त्यात २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून नर्सिंगची, आयटीआयची मुलंही विचारायला लागली आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मराठीतून समजावणारं कुणी हवं असतं. नपुंसकलिंग म्हणजे काय हे इंग्रजीतून सांगताना जीव जातो; मराठीत ‘ते घर, ते झाड’ म्हटलं की काम झालं. अर्थात ‘दास मेडशेन’ला, म्हणजे मुलीलाच नपुंसक केलेलं पाहून मुलं तुझ्याशी भांडतील, ते निराळं.

हिशेब असा. सहा जण, महिन्याला १,५०० प्रत्येकी, ९,००० झाले. शनिवार-रविवार सकाळी दीड-दीड तास, महिन्याचे १२. तयारीचे आणखी १२ धर. ताशी ३७५. आणि गंमत पुढे आहे. दुसऱ्या बॅचला तयारी निम्मीही लागणार नाही, कागद तयार असतील. चकलीची भाजणी मात्र दर दिवाळीला नव्याने भाजावी लागते. सहाच्या जागी तीनच आले तरी १५७ च्या वरच आहेस. बारा आले तर मात्र घेऊ नकोस, पहिल्या बॅचला तरी.

सुरू करण्याआधी नेमणुकीचं पत्र काढून वाच. बहुतेक पत्रांत ‘लेखी परवानगीशिवाय दुसरा कोणताही व्यवसाय करणार नाही’ असं कलम असतं, आणि शिकवणीही त्यात येते. एचआरला सरळ मेल टाक: विषय जर्मन, सुटीच्या दिवशी, कंपनीच्या कामाशी संबंध नाही. उत्तर लेखी घे. तुझं नोकरीतलं टेस्टिंगचंच काम दुसऱ्या कंपनीसाठी गुपचूप करायचा विचार तुझ्या यादीत सातव्या क्रमांकावर आहे, तो सोड. २०२२ मध्ये विप्रोने असे ३०० जण काढल्याचं त्यांच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं होतं. दोन ठिकाणी पीएफ भरला गेला की एकाच यूएएनवर, म्हणजे तुझ्या पीएफ क्रमांकावर दिसतो, लपत नाही. आणि कंपनीचा लॅपटॉप शिकवणीसाठी उघडायचाही नाही, वर्कशीट छापायलासुद्धा.

फी रोख घेऊ नकोस. बचत खातं वेगळं उघड, यूपीआय तिथेच जोड. रिटर्न भरताना ही मिळकत दाखवायची, आणि मग पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-१ फॉर्म चालत नाही. वर्षाचा जास्तीचा कर १०,००० किंवा त्याहून वर जात असेल तर आगाऊ कर भरावा लागतो, पहिला हप्ता १५ जूनचा. ही मिळकत कंपनीला कळवून तिथेच जास्त टीडीएस कापून घेता येतो, तुला तेच सोपं पडेल. बाकीचं जोशीकाका मार्चआधी बघतील, त्यांची फीसुद्धा वहीत मांड.

जागेचं म्हणशील तर आमची बाहेरची खोली घे. काकूला विचारलंय. ती म्हणाली, शनिवारी सात ते साडेआठ चालेल, रविवारी आठ ते साडेनऊ, कारण रविवारी ती उशिरा उठते. चपला जिन्यात नको, वरच्या मजल्यावरचे कुरकुरतात. आणि भाडं किती, असंही तिने विचारलंय. ते तू तिच्याशीच ठरव, मी मध्ये पडणार नाही.

तुझा,
काका