भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांच्या जमशेदजी टाटांना लिहिलेल्या पत्रात नेमकं काय होतं?

पत्र २४ फेब्रुवारी १९०४ चं. मयूरभंज संस्थानात (आजच्या ओडिशात), गोरुमहिसानीच्या डोंगरात उत्तम लोहखनिज आहे आणि झरियाचा कोळसाही फार दूर नाही, एवढाच मुद्दा. पण कळीचा तोच! दल्ली-राजहराचं (आजच्या छत्तीसगडमधलं) खनिज बोस यांनी १८८७ मध्येच नोंदवलं होतं. तिथे भट्टीला चालेलसा कोळसा जवळ नव्हता, म्हणून टाटांचा पोलाद कारखान्याचा बेत अडला.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणात बोस १८८० पासून होते. संचालकपद त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या टी. एच. हॉलंड यांना मिळालं, तेव्हा १९०३ मध्ये बाहेर पडून ते मयूरभंजच्या नोकरीत गेले. जमशेदजी मे १९०४ मध्येच वारले; पुढचं काम त्यांचे पुत्र दोराबजींनी नेलं. साकचीत (आजच्या जमशेदपुरात) पोलाद निघालं १९१२ मध्ये.