शेजारी सरकारी भाड्याची घरं आहेत म्हणून फ्लॅट सोडू नकोस

हे बघ भाऊ, दलाल म्हणतो ‘भाव पडतील’ आणि बिल्डर म्हणतो ‘काही फरक नाही’, दोघांचंही ऐकू नकोस. २०२० च्या केंद्राच्या स्कीममधली भाड्याची घरं असतील तर राहणारे कोण, कामगार, फेरीवाले, शिकणारी पोरं, म्हणजे आपल्याच वडोदऱ्याला चालवणारी माणसं, त्यांना घाबरायचं काय कारण?

बघायचं ते मेंटेनन्सचं. स्कीममध्ये चालवणाऱ्याकडे कॉम्प्लेक्स २५ वर्षं असतं, तर तो नीट सांभाळतोय का ते संध्याकाळी स्वतः जाऊन बघ, जिन्यातले दिवे लागतात का, लिफ्ट चालू आहे का, टाकी वाहतेय का, कचरा उचलला जातो का, आणि तिथल्या एखाद्या काकूंना पाण्याचं विचार, त्या खरं सांगतील. पाणी, ड्रेनेज, रस्ता तुझ्या बिल्डिंगचं आणि त्यांचं एकच असेल तर त्यांचा त्रास तोच तुझा त्रास.

भावासाठी आजूबाजूच्या झालेल्या दस्तावेजांचे, म्हणजे खरेदीखतांचे, आकडे काढ, जाहिरातीतले नकोत. गुजरेरावर, म्हणजे गुजरातच्या रेराच्या साइटवर, प्रोजेक्ट तपास. आणि विश्वामित्री नदीच्या बाजूला असेल तर ऑगस्ट २०२४ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं हे विचारल्याशिवाय बानाखत, म्हणजे खरेदीचा करार, अजिबात करू नकोस, माझ्या मते भाड्याच्या घरांपेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा आहे.