पाळी अनियमित आहे. कोणती वनौषधी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वय 24 आहे, पाळी कधी 40 दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येते, आणि गोळ्या नको म्हणून एखादा काढा हवा आहे. मी याच वाटेने गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी पाळी 50-55 दिवसांवर गेली तेव्हा आजीने काढा सुरू केला. काळे तीळ आणि बाळंतशेपा भरडून, गूळ घालून, दोन कप पाण्याचा अर्धा कप होईपर्यंत आटवायचा. चार महिने रोज घेतला. तोवर फणीत केसांचे पुंजके यायला लागले होते आणि भर दुपारी डोळे मिटत होते. शेवटी रक्त तपासलं, तर टीएसएच (थायरॉइड मंदावलं की वाढणारं संप्रेरक) बरंच वाढलेलं. थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत पाळी 32 दिवसांवर आली. काढ्याने अपाय झाला नाही, पण चार महिने गेले ते गेलेच.

पाळी लांबली की रक्त आत साठून राहिलंय, ते बाहेर काढायला हवं, असं आपल्याला वाटतं. खरं तर बहुतेक वेळा स्त्रीबीजच उशिरा सुटलेलं असतं, किंवा सुटलेलंच नसतं. बीज सुटल्यावर साधारण 12 ते 14 दिवसांनी पाळी येते आणि हे दिवस फारसे हलत नाहीत. लांबतो तो त्याच्या आधीचा काळ. त्यामुळे बीज का अडलंय ते आधी शोधायचं. पीसीओएस (अंडाशयाचं काम बिघडवणारा संप्रेरकांचा असमतोल), थायरॉइड, वाढलेलं प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक), वजन झपाट्याने वाढणं किंवा उतरणं, उपासमार होईल असं डाएट, सततचा ताण, यांपैकी काहीही असू शकतं. प्रत्येकाचा इलाज वेगळा.

वनौषधींचंही तसंच. ‘पाळीसाठी चांगलं’ या एका शब्दाखाली दोन उलट कामांची औषधं एकत्र विकली जातात. अशोकाची साल आणि लोध्र ही परंपरेने जास्त रक्तस्राव होत असेल तर देतात. कोरफडीचा वाळवलेला रस म्हणजे काळा बोळ आणि हिंग, हे पाळी आणण्यासाठी. रजःप्रवर्तिनी वटी या आयुर्वेदिक गोळीत हे दोन्ही असतं. तुमची पाळी दोन-दोन महिने येत नाही, तर मैत्रिणीला गुण आला म्हणून अशोकारिष्ट पिण्यात काय अर्थ? त्यातून बाजारातल्या सालीत उंच, सरळसोट वाढणाऱ्या खोट्या अशोकाची भेसळ सर्रास असते. औषधी झाड म्हणजे सीतेचा अशोक, त्याला केशरी-लाल फुलांचे झुबके येतात.

दालचिनीबद्दल खूप वाचायला मिळतं, आणि त्याला थोडा आधार आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पीसीओएस असलेल्या 45 स्त्रिया होत्या. काहींना रोज दीड ग्रॅम दालचिनी दिली आणि त्यांची पाळी जास्त वेळा आली. मात्र सहा महिने पूर्ण करणाऱ्या 17 च उरल्या. एवढ्यावर मी भरवसा ठेवणार नाही. शिवाय जाड सालीच्या कॅसिया दालचिनीत कूमरिन नावाचं द्रव्य असतं, ते जास्त दिवस जास्त प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला त्रास देऊ शकतं.

पीसीओएस निघालं आणि वजन जास्त असेल, तर 5 ते 10 टक्के वजन उतरल्यावरही अनेकींची पाळी सुधारते. कोणत्याही काढ्यापेक्षा हे मी आधी करीन.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पाळी आणणारं काहीही घेण्याआधी, गर्भ राहण्याची थोडी जरी शक्यता असेल तर घरच्या घरी लघवीची चाचणी करा. ही औषधं पूर्वीपासून गर्भ पाडायलाही वापरली गेली आहेत, त्यात जीवाला धोका होऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुठलाच काढा मनाने घेऊ नका.

आजपासून तारखा लिहायला लागा. पाळी कधी आली, किती दिवस टिकली, दिवसाला किती पॅड लागले. हनुवटीवर राठ केस येतात का, स्तनांतून दूध येतं का, हेही टिपून ठेवा. ही वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि टीएसएच, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी यांबद्दल विचारा. तीन महिने पाळी आलीच नाही तर थांबू नका, कारण गर्भाशयाचं अस्तर आत जाड होत राहू शकतं. तासाला एक पॅड भिजत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळ्यांची भीती मला कळते. गोळी लिहून दिली तर ती कशासाठी आणि किती दिवस, हे तिथेच विचारून घ्या. त्यानंतरही वनौषधी घ्यायची असेल तर रिपोर्ट घेऊन वैद्यांकडे जा, आणि काढ्यात काय काय आहे ते डॉक्टरांनाही सांगा.