दहा हजारांच्या आतला मोबाईल रोजच्या वापराला पुरतो का?

प्रश्न असा आहे: "बजेट नऊ-दहा हजार आहे. घरचे म्हणतात थांब, पैसे साठव आणि वीस हजारांचा घे. स्वस्तातला स्मार्टफोन रोजच्या वापराला पुरतो का, किती वर्षं टिकतो? ज्यांनी खरंच वापरलाय त्यांनी सांगावं."

मी वापरलाय, म्हणून सांगते. जून २०२० मध्ये घेतलेला साडेसात हजारांचा फोन मी साडेचार वर्षं वापरला. बार्शीत घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. बायका गळ्याचे नमुने फोनवर पाठवतात, शिलाईचे पैसे फोनवर येतात, ब्लाऊज झाला की मी फोटो टाकते आणि मग त्या न्यायला येतात. त्या वर्षी शाळा बंद होत्या, त्यामुळे मुलीचा सातवीचा वर्गही याच फोनवर भरायचा. म्हणजे एकच फोन आणि त्यावर दोघींचं पोट, दोघींचा अभ्यास. तरी तो पुरला. नंतरचा फोनही मी दहा हजारांच्या आतलाच घेतला. पण पहिल्या वेळी दुकानात मी जे बघायला हवं होतं ते बघितलं नाही, तेवढं तुम्ही बघा.

मी बघितला कॅमेरा. दुकानदाराने माझाच फोटो काढून दाखवला, छान आला, मी पैसे दिले. त्याच एप्रिलपासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला होता, त्यामुळे आधी ठरवलेल्या रकमेत अजून चार-पाचशे घालावे लागले, आणि ते कुठून आणायचे याच विचारात मी होते. रॅम, म्हणजे चालू कामापुरती लागणारी तात्पुरती जागा, ३ जीबी, आणि साठवणुकीची जागा ३२ जीबी. ३२ म्हणजे किती हे मला माहीतच नव्हतं. त्यातली दहा-बारा जीबी तर फोनची स्वतःची प्रणाली आणि आधीपासून भरलेली अ‍ॅप्स खातात, हे घरी आल्यावर कळलं.

पहिलं वर्षभर काहीच तक्रार नव्हती. मग हळूहळू फोन जड व्हायला लागला. फोन वाजायचा, पण उचलायचं बटण स्क्रीनवर यायलाच तीन-चार रिंगा जायच्या. अक्षर दाबलं की ते उमटेपर्यंत वाट बघायची. मुलगी वर्गात असताना गिऱ्हाईकाचा फोन आला तर ती कधी कापायची नाही, उठून मशीनपाशी आणून द्यायची, आणि मी बोलून होईपर्यंत तिचा अर्धा धडा जायचा. एकदा तिची चाचणी होती. उत्तरं वहीत लिहून पानांचे फोटो पाठवायचे होते. सहा पानं. तिसऱ्या पानाला फोनने सांगितलं, जागा शिल्लक नाही. वेळ संपत आलेली, ती रडवेली झालेली, आणि मी दिसेल ते पुसत सुटलेली. त्या घाईत तिच्या आजोबांचे दोन फोटो गेले. ते परत मिळाले नाहीत. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

माझा भाचा सोलापूरला मोबाईल दुरुस्ती करतो. त्याला फोन दाखवला, म्हटलं बदलावा लागेल बहुतेक. तो म्हणाला, "मावशी, फोन म्हातारा नाही झाला. भरलाय." आणि त्याने जे समजावलं ते मी आता प्रत्येकाला सांगते.

फोनमधली साठवणुकीची चिप वहीसारखी नसते, की एक ओळ खोडली आणि तिथेच दुसरी लिहिली. तिथे पुसायचं तर एक अख्खा कप्पा एकदमच पुसावा लागतो. त्या कप्प्यात कामाचं काही असेल तर ते आधी दुसरीकडे हलवायचं, मग कप्पा पुसायचा, मग नवं लिहायचं. मोकळी जागा भरपूर असली तर हे मागच्या मागे उरकतं. माझ्याकडे दिवाळीच्या आधी कापडांचं असंच होतं. पलंग रिकामा असला की नवीन आलेली पिशवी ठेवली आणि झालं. पण पलंग, खुर्ची, कपाट सगळं भरलं की एक पिशवी ठेवायला चार हलवाव्या लागतात, आणि तेवढा वेळ मशीन बंद. फोन अडतो तेव्हा आत हेच चाललेलं असतं.

त्यातून स्वस्त फोनमध्ये बहुतेक वेळा ईएमएमसी जातीची चिप असते. ती एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते, दोन्ही एकदम करत नाही. यूएफएस जातीची दोन्ही एकदम करते. वेगातही फरक मोठा आहे: ईएमएमसी ५.१ वाचताना सेकंदाला साधारण २५० ते ३०० एमबी गाठते, तर यूएफएस २.२ जातीची एक हजार एमबीच्या आसपास जाते. मागे कुठलं तरी अ‍ॅप अपडेट होत असताना फोन आला की माझ्या रिंगा का वाया जायच्या, ते मला तेव्हा उमगलं.

म्हणून खरेदीला जाल तेव्हा खोक्यावर पहिलं साठवणूक वाचा. १२८ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि त्याच पैशांत यूएफएसवाला मिळत असेल तर कॅमेरा थोडा डावा असला तरी तोच घ्या. "४ जीबी + ४ जीबी = ८ जीबी रॅम" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. पुढचे ४ जीबी ही खरी रॅम नव्हेच, साठवणुकीतलीच जागा रॅमसारखी वापरायची सोय असते. ती रॅमपेक्षा खूप मंद, आणि जागा आपलीच खाते. ५० मेगापिक्सेलचंही तसंच. नेहमीच्या फोटोत चार-चार बिंदूंचा एक करून साडेबाराचाच फोटो निघतो. २ मेगापिक्सेलचा दुसरा कॅमेरा असला काय, नसला काय, मला कधी फरक जाणवला नाही.

तर भाच्याने सांगितलं, एक चतुर्थांश जागा कायम मोकळी ठेव. तेव्हापासून दर रविवारी रात्री मशीन झाकलं की मी दहा मिनिटं फोन आवरते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये "स्टोरेज आणि डेटा" आहे, तिथे कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते मापासकट दिसतं, आणि ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स वेगळ्या काढून दाखवतात. फोटो फारसे खात नाहीत, खातात व्हिडिओ. १६ एमबीचे साठ व्हिडिओ म्हणजे जवळजवळ एक जीबी, आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर साठ व्हिडिओ व्हायला पंधरा दिवस पुरतात. तिथेच आपोआप डाऊनलोड होणं बंद करा. जे बघायचंय त्यावर बोट ठेवलं की ते उतरतं. गळ्यांचे नमुने मी मेमरी कार्डावर टाकते, कटोरी वेगळी, प्रिन्सेस कट वेगळा, मागच्या दोऱ्या-लटकन वेगळे. अ‍ॅप्स मात्र कार्डावर हलवू नका, फोन अजून मंदावतो. आणि घरच्यांचे जे फोटो परत काढता येणार नाहीत ते आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. हे मी शिकले ते महागात शिकले.

एवढं केल्यावर तोच फोन पुढे तीन वर्षं चालला. मुलीने दहावीचा अभ्यास त्याच्यावर केला.

बाकी त्रास सांगायचा तर माझा धंदाच फोनला त्रासदायक. दोन वर्षांनी एकदा चार्जिंग होईना. पिन हलवून धरली तर होई, सोडली की बंद. वाटलं सॉकेट गेलं. उजेडात धरून पाहिलं तर आत सुती धुरळा घट्ट दाबून बसलेला, अस्तराच्या कापडाचा. फोन बंद केला, लाकडी टूथपिकने हळूहळू कोरून काढला, वालाच्या दाण्याएवढी गुठळी निघाली आणि चार्जिंग सुरू. तुम्ही पीठगिरणीत, सुतारकामात, शेतात, कुठेही धुळीत असाल तर दुरुस्तीला पैसे देण्याआधी हे करून बघा. सुई किंवा पिन घालू नका, आतल्या धातूच्या पट्ट्या वाकतात.

दुसरं ऊन आणि इस्त्री. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, पत्र्याखाली अजून जास्त. लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेसारखा शत्रू नाही, त्यात शंभर टक्के भरून तशीच गरम ठेवली तर ती लवकर थकते. मी फोन इस्त्रीच्या टेबलावर चार्जिंगला लावायचे, कारण प्लग तिथेच होता. तिसऱ्या उन्हाळ्यात मागचं झाकण एका कडेने उचललं गेलं. बॅटरी फुगली होती. असं दिसलं की फोन लगेच बंद करायचा, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही, बॅटरीला टोकदार काही लावायचं नाही. सेवा केंद्रात विचारलं तर बॅटरीचे अठ्ठावीसशे आणि पंधरा दिवस. साडेसात हजारांच्या फोनला अठ्ठावीसशे! पंधरा दिवस फोन नाही म्हणजे माझी कमाईही नाही. भाच्याने चांगल्या प्रतीची बॅटरी अकराशेत बसवून दिली. आता प्लग पलीकडच्या भिंतीला करून घेतलाय आणि ऐंशी टक्क्यांच्या आसपास काढते. स्वस्त फोन घेताना गावात त्याचे सुटे भाग मिळतात का, एवढं एका दुरुस्तीवाल्याला नक्की विचारा. तो खरं सांगतो, कारण उद्या तुम्ही त्याच्याकडेच येणार असता.

जिथे हे फोन खरोखर उणे पडतात ती जागा रंगाची. मोरपंखी साडीचा फोटो एकीने पाठवला, मी त्यावरून अस्तर आणि दोरा आणला. साडी हातात आली तर ती रामा निघाली. तिच्या फोनने ट्यूबच्या उजेडात एक रंग धरला, माझ्या स्क्रीनने दुसरा दाखवला. तेव्हापासून मी कापडाची चिंधी मागते, फोटोवर मॅचिंग करत नाही. तुमचं काम रंगावर, फोटोवर अवलंबून असेल, तर तुमच्या घरचे म्हणतात तसं थांबलेलं बरं. रात्रीचे फोटो आणि मोठे गेम यांसाठीही. व्हिडिओ कॉल चालतो, चेहरा दिसतो, पुरे.

पैसे द्यायला भाजीवाल्यापुढे उभं राहून अ‍ॅप उघडायची वाट बघणं सुरुवातीला नको व्हायचं. यूपीआय लाइट सुरू केल्यापासून लहान रकमांना पिन लागत नाही, ते बरं झालं. पण बँकेचं अ‍ॅप ज्या फोनवर आहे त्यात सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालं की जपावं लागतं. सेटिंग्जमध्ये "फोनबद्दल" या ठिकाणी शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख लिहिलेली असते. माझी अडीच वर्षं जुनी झालेली दिसली, तेव्हा मी नवा घ्यायचं ठरवलं. फोन चालत होता, पण त्याच्यावर पैसे ठेवायला मन धजेना. म्हणून दुकानात हेही विचारा, सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार.

५जी हवं असेल तर एक खुबी आहे. जिओने आपलं ५जी एसए पद्धतीने, म्हणजे ४जीचा आधार न घेता, उभारलं; एअरटेलने सुरुवात एनएसएने, म्हणजे ४जीच्या आधाराने, केली. काही स्वस्त ५जी फोन फक्त एसएवर चालतात. तुमचं सिम कुठलं ते सांगून, त्यावर ५जी लागतं का ते दुकानात सिम घालूनच बघा.

बिल आणि खोकं जपून ठेवा. फोनवर *#०६# दाबलं की आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, येतो, तो वहीत लिहा. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो बंद पाडता येतो, मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. जुना फोन विकत घेत असाल तर केवायएम (इंग्रजीत KYM), जागा सोडून आयएमईआय क्रमांक, असा संदेश १४४२२ ला पाठवून बघा, काळ्या यादीतला असेल तर कळतं.

आणि घरच्यांच्या म्हणण्याविषयी. वीस हजार हाताशी असतील तर त्यांचं चुकत नाही. पण हप्त्यावर घ्यायला लावत असतील तर मी नाही म्हणेन. आमच्यासारख्या घरात फोन एकाचा नसतो, तो मुलांच्या, सासूबाईंच्या, शेजारणीच्या हातात जातो. ज्याचे हप्ते चालू आहेत तो फोन मुलीच्या हातात देताना जीव वरखाली होतो, आणि मग आपण तो देत नाही. माझ्या मुलीला साडेसात हजारांचा फोन मी कधी अडवला नाही.

तो जुना फोन अजून आहे. सिम आणि बँकेचं अ‍ॅप काढून टाकलंय, सगळं पुसून फक्त गळ्यांचे नमुने ठेवलेत. मशीनशेजारी खिळ्याला कापडी पिशवीत असतो, बायका आल्या की त्यात बघून बोट ठेवतात. तुम्ही फोन कशासाठी वापरणार तेवढं लिहा, तुमच्या कामाला १२८ पुरतील की नाही ते मी भाच्याला विचारून कळवते.