वाचकांचे प्रश्न : जुनं मिलिंग मशीन सीएनसी (संगणकाने चालणारं) करताना

प्रश्न : आमच्या जुन्या नी-टाइप मिलिंग मशीनच्या (ज्यात टेबल पेलणारा भाग, म्हणजे नी, वर-खाली सरकते) टेबलाला ०.४ मिमी बॅकलॅश, म्हणजे दिशा उलटताना जाणवणारा मोकळा खेळ, आहे. स्टेपर मोटर (ठरावीक पायऱ्यांनी, म्हणजे स्टेपनी फिरणारी) लावून सॉफ्टवेअरमधून बॅकलॅशची भरपाई दिली तर मूळचाच लीड स्क्रू (टेबल सरकवणारा) चालेल का?

उत्तर : ड्रिलिंगपुरता चालेल, मिलिंगला नाही. दिशा बदलताना सॉफ्टवेअर स्क्रू ०.४ मिमी जास्त फिरवतं, पण तेवढ्या अंतरात टेबल मोकळाच राहतो. क्लाइम्ब मिलिंगमध्ये कटरचा दात टेबलाला फीडच्याच (तो सरकत असतो त्याच) दिशेने ओढतो. टेबल झटकन पुढे सरकतो आणि कटर तुटतो किंवा जॉब खराब होतो. गोल कापला तर अक्षाची दिशा जिथे बदलते, त्या चार जागी पायरी दिसते.

आधी बॅकलॅश कुठून येतो ते शोधा. स्क्रूच्या टोकाच्या सेंटर होलमध्ये ग्रीस लावून बेअरिंगची एक गोळी बसवा, तिच्यावर डायल गेज टेकवा आणि टेबल लांबीच्या दिशेने हाताने पुढे-मागे ढकला. काटा हलला तर टोकाचं बेअरिंग सैल आहे. अशा बेअरिंगवर नवा बॉल स्क्रू (ज्याच्या नटमध्ये गोळ्या फिरतात) बसवला तरी तो खेळ तसाच राहील. तिथे अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी प्रीलोड (आधीच थोडा दाब) देऊन बसवा.

मग गिब, म्हणजे स्लाइडमधला खेळ कमी करणारी पट्टी. जुन्या मशीनची स्लाइड मधोमध जास्त झिजलेली असते. मधल्या जागी गिब घट्ट केली की टेबल टोकांना अडकतो. फरक मोठा असेल तर स्क्रेपिंग किंवा ग्राइंडिंग करून घ्या. त्याआधी मोटरवर पैसे घालू नका.

बॉल स्क्रू घेण्यापूर्वी सॅडलमधली (टेबलाखालच्या भागातली) जागा मोजा. २५ मिमी व्यासाच्या, ५ मिमी लीडच्या (एका फेरीत ५ मिमी सरकवणाऱ्या) स्क्रूचा नट साधारण ४० मिमी व्यासाचा असतो, शिवाय फ्लँज वेगळी. जागा कमी पडली तर सॅडल पोखरण्यापेक्षा २० मिमीचा स्क्रू बरा.

प्रश्न : नेमा ३४ मापाची स्टेपर मोटर २४ व्होल्टवर हळू छान चालते, वेग वाढवला की स्टेप चुकतात. मोटर लहान पडते का?

उत्तर : बहुधा व्होल्टेज कमी पडतंय. वेग वाढला की इंडक्टन्समुळे (करंट बदलायला वाइंडिंग करतं त्या विरोधामुळे) वाइंडिंगमध्ये करंट पुरेसा चढत नाही आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, घसरतो. ढोबळ नियम : मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ गुणिले ३२. म्हणजे ४ मिलिहेन्रीला ६४ व्होल्ट. हा आकडा ड्रायव्हरच्या (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटच्या) कमाल मर्यादेच्या बराच खाली असू द्या, कारण वेग कमी होताना मोटर उलट वीज ढकलते.

पल्सचा (कंट्रोलर मोटर फिरवायला पाठवतो त्या इशाऱ्यांचा) हिशेबही तपासा. फेरीला २०० स्टेप, स्टेपला ८ मायक्रोस्टेप, २:१ बेल्ट आणि ५ मिमी लीड असेल तर दर मिमीला ६४० पल्स. मिनिटाला १५०० मिमी वेगासाठी सेकंदाला १६,००० पल्स लागतील. तुमचा कंट्रोलर तेवढे देतो ना?

प्रश्न : नीलाही बॉल स्क्रू बसवला. आता वीज गेली की नी खाली घसरते.

उत्तर : बॉल स्क्रूला स्वतःची पकड नसते, वजनाने तो उलटा फिरतो. वीज गेल्यावर आपोआप लागणारा ब्रेक असलेली मोटर घ्या, जोडीला गॅस स्प्रिंग किंवा काउंटरवेट द्या. मूळचा स्क्रू जपून ठेवला असेल तर तोच परत बसवणं जास्त सोपं : नीच्या वजनाने नट सतत एकाच बाजूला दाबलेला राहतो, त्यामुळे तिथे बॅकलॅश फारसा जाणवत नाही. दुरुस्ती होईपर्यंत नीखाली भक्कम लाकडी ठोकळा ठेवल्याशिवाय तिथे हात घालू नका.