‘टिस’चे प्रमुख अजूनही टाटा ट्रस्टच नेमतो का? आणि स्टाफ?

नाही, मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचे प्रमुख आता केंद्र सरकार नेमतं. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने ही संस्था काढली आणि क्लिफर्ड मॅन्शार्ट पहिले संचालक झाले. १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे विद्यापीठाच्या बरोबरीच्या संस्थेचा, दर्जा मिळाला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनुसार, ज्या अभिमत विद्यापीठांचा निम्म्याहून जास्त खर्च केंद्र उचलतं त्यांचे कुलगुरू केंद्रच ठरवतं. ‘टिस’ त्यातच मोडते.

स्टाफचं उत्तर मात्र एका वाक्यात बसत नाही. कायम प्राध्यापक यूजीसीच्या मंजूर पदांवर असतात, पण बरेच शिक्षक-कर्मचारी ट्रस्टच्या किंवा प्रकल्पांच्या पैशावर, कंत्राटावर. जून २०२४ मध्ये टाटा एज्युकेशन ट्रस्टचं अनुदान अडलं, तेव्हा ५५ शिक्षक आणि ६० शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना काम संपल्याची पत्रं गेली. ट्रस्टने पैसे देण्याची हमी दिल्यावर संस्थेने दोनच दिवसांत ती पत्रं मागे घेतली. वर्षानुवर्षं तिथे शिकवणाऱ्यांवर ही वेळ यावी हे फार वाईट झालं. म्हणजे नेमणुकीत ट्रस्टचा शब्द चालत नसला, तरी २०२४ मध्ये कित्येकांचा पगार त्याच्या अनुदानावर होता. तिथे नोकरीचा विचार असेल तर पद मंजूर आहे की प्रकल्पाचं, आणि निधी कधीपर्यंतचा, हे मुलाखतीतच विचारा.